हरकत घ्या, पण कशाला?



गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेवर रो-हाऊसची स्कीम येणार असं कळलं, की चर्चा सुरू होते. पाणी पुरेल का? एवढ्याशा रस्त्यावर गाड्या कुठे लावणार? मुलं खेळणार कुठे? हे प्रश्न रास्तच आहेत. पण त्यातच कुणीतरी म्हणतं, "कसली माणसं येतील, कोण जाणे!" आणि घरातली मुलं ते ऐकत असतात.

माझं मत असं, की हरकत जरूर घ्यावी. पण पाणी, रस्ता, सांडपाणी, मैदान यांबद्दल. माणसांबद्दल नको. त्यांची मुलं उद्या आपल्याच वर्गात बसणार आहेत.

शिवाय नियमांचा आधार मुद्द्यांनाच मिळतो. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल, तर त्याची माहिती संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. मुंबई सोडून राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या 2020 च्या एकत्रित नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. मंजूर विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं, तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात.

आपण वर्गात औपचारिक पत्र शिकवतो, ते बहुतेक मार्कांपुरतंच. या वेळी मुलांना शेजारी बसवून नगरपरिषदेला खरं पत्र लिहा. विषय एका ओळीत, मुद्दे क्रमाने, मागणी स्पष्ट, भाषा नम्र. आणि हो, पत्राची पोच घ्यायला मुलांनाही सोबत न्या. नागरिकशास्त्राचा एवढा चांगला तास वर्गात होणार नाही.