सगळे भिडू एकाच बाजूचे

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघर पत्त्यांचे जोड निघतात, कॅरमवर पावडर पडते, मुले सापशिडीचा पट पसरून बसतात. पहिला तास मोठ्या मजेत जातो. मग कुणीतरी पाने चोरून पाहते, धाकट्याला अगदी वरच्या घरातला साप गिळतो, आणि थोरला आपण जिंकल्याचे फराळाच्या पानावरही सांगत सुटतो. घरात माणसे पाच. त्यांतला एक खूष आणि चार हिरमुसलेले, असा हा हिशेब!

हा हिशेब ज्यांना नकोसा वाटतो, त्यांच्यासाठी निराळ्या जातीचे बैठे खेळ आता मिळू लागले आहेत. त्यांना सहकारी खेळ म्हणतात. यात भिडू एकमेकांशी लढत नाहीत. सारे मिळून पटाशी लढतात. जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे. मात्र खोक्यावरचे रंगीत चित्र पाहून असा खेळ घेऊ नये. आधी घरातल्या घरात तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : खेळायला बसणाऱ्यांत सर्वांत लहान कोण? तीन-चार वर्षांचे पोर असेल तर हाबा या जर्मन कंपनीचा, 1986 साली निघालेला ‘ऑर्चर्ड’ बरा. चार झाडे, प्रत्येकावर दहा लाकडी फळे. फासा पडेल त्या रंगाचे फळ टोपलीत टाकायचे. फाशावर कावळा आला की कावळ्याच्या चित्राचा एक तुकडा पटावर बसतो. नऊ तुकडे जुळण्याआधी बाग रिकामी झाली, तर आपण जिंकलो. अक्षरओळख नसलेले मूलही आजोबांच्या बरोबरीने खेळते.

दुसरा प्रश्न : माणसे किती आणि वेळ किती? दोन ते चार माणसे आणि अर्धा तास असेल, तर मॅट लीकॉक यांचा 2010 सालचा ‘फॉरबिडन आयलंड’ पाहावा. 24 तुकड्यांचे बेट हळूहळू पाण्याखाली जात असते. त्यावरची चार रत्ने गोळा करून सर्वांनी हेलिकॉप्टरने निसटायचे. एकजण जरी मागे राहिला, तरी डाव गेला. पाण्याची सुरुवातीची पातळी कमीजास्त करता येते, त्यामुळे नवख्यांना सोपा आणि सरावलेल्यांना कठीण, असे दोन्ही साधते. खोक्यावर चारच भिडू लिहिले असतील आणि घरात पाच माणसे असतील, तर पाचव्याने ‘नुसते बघायचे’ ठरवू नये. दुसरा खेळ निवडावा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो बहुधा कुणी विचारत नाही. आपल्या घरात बोलते कोण?

सहकारी हा शब्द ऐकून कित्येकांना गृहनिर्माण सोसायटीची सभा आठवेल. तिथे जे होते तेच पटाभोवतीही होऊ शकते : एक बोलतो, बाकीचे माना डोलावतात. याच लीकॉक यांचा 2008 सालचा ‘पॅन्डेमिक’ फार गाजला. जगाच्या नकाशावर चार रोग पसरत असतात, त्या चारही रोगांवर उपाय शोधायचा असतो. नकाशावर आपली मुंबई आहे, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईही आहेत. खेळ खरोखर उत्तम! पण सारे पटावर उघडे, सल्लामसलतीला पूर्ण मुभा. मग घरातले हुशार गृहस्थ सांगतात, “वहिनी, तुम्ही इकडे जा. बंड्या, तू ते पान दे.” वहिनी सोंगटी सरकवतात, बंड्या पान देतो. डाव जिंकतातही, पण खेळलेला असतो एकच माणूस. एरवी घरात ज्याला कुणी विचारत नाही, त्याला खेळातही विचारले नाही, तर मग सापशिडी काय वाईट? तिथे निदान फासा तरी आपल्याच हाताने टाकतो!

अशा घरांनी ज्यात माहिती वाटून दिलेली असते, असा खेळ घ्यावा. आंत्वान बोझा या फ्रेंच गृहस्थांचा ‘हानाबी’ त्यासाठी नामी आहे. हानाबी हा जपानी शब्द. अर्थ शोभेचे दारूकाम. म्हणजे दिवाळीचाच खेळ! दोन ते पाच जण खेळतात. आपली पाने उलटी धरायची. इतरांना दिसतात, आपल्याला नाही. दुसऱ्याने रंगाची किंवा आकड्याची मोजकीच खूण द्यायची, आणि पाच रंगांची आतषबाजी एकापासून पाचापर्यंत लावत न्यायची. कोणते पान टाकायचे, ते आजीने स्वतःच ठरवायचे असते. 2013 साली याला जर्मनीचा ‘वर्षातला खेळ’ हा मान मिळाला.

मेंढीकोटात रंगणाऱ्या मंडळींना टोमास झिंग यांचा 2019 सालचा ‘द क्रू’ आवडेल. उतारी, हुकूम, हात, सारे ओळखीचे. फरक इतकाच की कोणते पान कुणाच्या हातात जायला हवे हे आधी ठरलेले असते, आणि बोलायला जवळजवळ बंदी. अशा 50 कामगिऱ्या आहेत, सोप्यापासून कठीणापर्यंत. तीन ते पाच जणांत तो खुलतो.

खर्च करण्याआधी नमुना पाहायचा असेल, तर 2018 साली निघालेल्या वोल्फगांग वार्श यांच्या ‘द माइंड’ची रीत घरच्या घरी करून बघा. जुन्या लग्नपत्रिकांचे सारखे तुकडे कापून त्यांवर 1 ते 100 आकडे लिहा. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एक तुकडा, दुसरीत दोन, असे वाढवत जा. न बोलता, न खुणावता, सर्वांनी मिळून लहानापासून मोठ्यापर्यंत आकडे टाकायचे. कुणी 40 टाकला आणि दुसऱ्याच्या हातात 35 निघाला, तर एक जीव गेला. चौघांना चार जीव, आठ फेऱ्या.

दोन-तीन डावांत आपल्या मंडळींचा स्वभाव कळेल : घाई कोण करतो, कोण उगीच थांबून राहतो, आणि कुणाला गप्प बसणे अगदीच जमत नाही. त्यावरून काय घ्यायचे ते ठरवा. आणि घेतलेल्या खेळाचे नियम पाहुणे येण्यापूर्वी एकदा वाचून ठेवा. चकल्या निवत असताना नियमांचे पुस्तक वाचणाऱ्या यजमानाला कुणीही सहकार्य करीत नाही!