तापी खोऱ्याला एकच नकाशा हवा

३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगाव शहरात तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी शिरले. त्याच वेळी कन्नड घाटात दरडी कोसळून धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला. ज्या डोंगररांगेवर तो पाऊस कोसळला, तिचा माथा कन्नड तालुक्यात म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आणि पायथा जळगाव जिल्ह्यात आहे. पावसाची नोंद, पूररेषेचा नकाशा आणि गावठाणाची मोजणी ही कामे मात्र वेगवेगळ्या खात्यांची आणि त्यांची दप्तरेही वेगळी.

भौगोलिक माहितीची स्थानिक संस्थांमधील देवाणघेवाण हा विषय निघाला की तो संगणक विभागाचा म्हणून बाजूला सारला जातो. खान्देशापुरता तरी तो पाण्याचा विषय आहे. तापी बऱ्हाणपूरकडून जळगाव जिल्ह्यात येते आणि धुळे, नंदुरबार ओलांडून गुजरातेत जाते. गिरणेचा उगम कळवण तालुक्यात, धरण नांदगाव तालुक्यात आणि तिच्यावर विसंबलेली शिवारे चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याची. १९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता. पुढे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. प्रशासनाच्या सोयीसाठी ही विभागणी योग्यच होती. परंतु प्रत्येक विभागणीबरोबर नकाशाही कापला गेला. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडाली, तेव्हा वरच्या खोऱ्यातील पावसाचे आणि धरणांतील पाण्याचे आकडे खालच्या शहराला किती मोलाचे असतात, हे साऱ्या देशाने पाहिले.

माहितीचे मूल्य काय, याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली आमदार अमरीशभाई पटेल यांनी जलसंधारणाचे काम उभे केले. नाले रुंद व खोल करायचे आणि त्यांवर दरवाजे नसलेले लहान सिमेंटचे बंधारे बांधायचे, एवढेच त्याचे बाह्य रूप. खरे मर्म जमिनीखाली होते. तापीच्या गाळाच्या प्रदेशात वरचा चिकण पिवळ्या मातीचा थर पाणी मुरू देत नाही. तो काढून खालच्या वाळूपर्यंत पोहोचले, तरच पाणी झिरपते. बेसाल्ट खडकात हिशेब निराळा. कुठे किती खोल जायचे, हे भूस्तरांच्या ज्ञानाने ठरले. नुसते यंत्र नाल्यात उतरवून ते ठरले नसते. नेमके तसेच नुसते यंत्र उतरवणारे अनुकरण पुढे अनेक ठिकाणी झाले, ही खेदाची बाब होय. गाळाचा हा पट्टा शिरपूरपाशी संपत नाही. अनेर ओलांडली की तोच चोपडा, यावल, रावेरात जातो. केळीच्या बागांसाठी तेथे विहिरी आणि कूपनलिका वर्षानुवर्षे खोल जात आहेत. एका तालुक्याने कष्टाने मिळवलेले भूस्तरांचे ज्ञान शेजारच्या तालुक्याने पुन्हा पैसे मोजून का मिळवावे?

याला सुरक्षेचा आक्षेप घेतला जातो. भुसावळ आणि वरणगाव येथे आयुध निर्माणी आहेत; त्यांचा तपशील गुप्तच राहिला पाहिजे, याविषयी दुमत असू शकत नाही. मात्र त्या परिसराचे कारण पुढे करून जलवाहिनीचा नकाशा शेजारच्या नगरपालिकेपासून लपवणे हास्यास्पद आहे. परकीय कंपन्यांच्या उपग्रहचित्रांत आपली गल्ली साऱ्या जगाला दिसत होती आणि आपल्याच संस्थांना आपल्या भूमीच्या नकाशासाठी परवानग्यांचे अर्ज करावे लागत होते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये ती बंधने बरीचशी सैल केली. आज उरलेली अडचण मुख्यतः ‘माझे दप्तर’ या वृत्तीची आहे. खासगी मालकीचा तपशील जपावा, हे रास्त. पण विहिरीची पाणीपातळी ही कोणाची खासगी बाब नव्हे.

मोजणीची परंपरा या मातीला नवी नाही. त्याच डोंगरांच्या कुशीतील पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापिलेल्या मठाची नोंद आहे. पांझरेच्या काठी फड पद्धतीत कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, हे गाव मिळून ठरवी आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी देई. पाण्याचा हिशेब सर्वांना ठाऊक असे, म्हणून ती व्यवस्था शतकानुशतके टिकली.

खर्चाचा प्रश्न मोठा नाही, कारण बहुतेक खर्च झालेलाच आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून निरीक्षण विहिरी मोजते. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे उपग्रहीय नकाशे आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली गेली. हे सारे एका चौकटीत बसवून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत खुले करण्याचा खर्च नव्या सर्वेक्षणाच्या मानाने किरकोळ ठरेल.

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक हे चारही जिल्हे नाशिक विभागात असल्याने त्यांना एकत्र बसवणे विभागीय आयुक्तांच्या अधिकारात आहे. अवघड आहे ती दक्षिणेकडील बाजू. जळगाव शहराला पाणी पाजणारी वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून येते आणि तो मुलूख दुसऱ्या महसूल विभागात मोडतो. कन्नडचेही तसेच. म्हणून प्रारंभ सोयीच्या चार जिल्ह्यांत नव्हे, तर चाळीसगाव-कन्नडच्या सीमेवर आणि वाघूरच्या पाणलोटात व्हावा. घाटमाथ्यावरील पावसाचा आकडा त्याच घटकेला चाळीसगाव नगरपालिकेत वाचता यावा, एवढी व्यवस्था येत्या पावसाळ्यापूर्वी उभी करणे दोन्ही विभागीय आयुक्तांना अशक्य नाही.