थंडावा साठवायचा कुठे?

नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली असली, की त्या वेळी पिंपे भरून ठेवायची, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. विजेच्या बाबतीतही आता तीच वेळ आली आहे. ३० मे २०२४ रोजी उष्णतेच्या लाटेत देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली. ती भागली, कारण दिवसा सौरऊर्जेची जोड होती. खरी कसरत सूर्य मावळल्यावर सुरू होते. सौर वीज संपते आणि घरोघरी एसी सुरू होतात. मागणी-पुरवठ्याचा तोल क्षणोक्षणी सांभाळावा लागतो; तो ढळला की ग्रिडची ५० हर्ट्झची वारंवारता घसरते.

बॅटऱ्या लागतीलच. पण उष्णता आणि थंडावा साठवणे त्याहून सोपे आहे. गिझरमधले २५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण एक युनिट लागते. ते दुपारी तापवले, तरी चांगले आवरण असलेल्या टाकीत संध्याकाळपर्यंत गरम राहते. (मात्र ते ६० अंशांपर्यंत न्यावे, कोमट साठ्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात.) बर्फाचे तर विचारूच नका. एक टन बर्फ वितळताना सुमारे ९३ युनिटांइतकी उष्णता शोषून घेतो. ‘दीड टनाचा एसी’ यातला टन मुळात बर्फाचाच आहे.

दुपारी गारवा साठवा, संध्याकाळी वापरा, हे म्हणूनच पटते. केंद्राच्या २०२३ च्या नियमांतही सौरतासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे म्हटले आहे. पण एसी वीज कंपनीने दुरून कमी-जास्त करण्याची कल्पना थेट घरांत आणण्याची घाई नको. आपल्या बहुतेक इमारतींना उष्णतारोधक आवरण नसते. वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री दहालाही तापलेलाच असतो. तिथे दुपारचा गारवा तासभरही टिकेल याची खात्री नाही. आणि उन्हाळ्यात शरीर सावरते ते रात्रीच. हृदयरोगी, वृद्ध, गरोदर स्त्रिया यांच्या खोलीचे तापमान रात्री दुरून वाढवणे म्हणजे ग्रिडचा ताप त्यांच्या अंगावर ढकलणे होय.

पत्र्याच्या घरात तर कमी करण्यासारखा भारच नसतो. एक पंखा असतो, आणि रोहित्र बंद पडले की तोही थांबतो.

म्हणून सुरुवात मॉल, आयटी कंपन्या आणि शीतगृहे यांच्यापासून व्हावी. थंड पाण्याच्या किंवा बर्फाच्या टाक्यांना तिथे जागा आहे, यंत्रणा चालवणारी माणसे आहेत आणि तास-दोन तास शीतयंत्रे थांबली तर कोणी आजारी पडत नाही. घरांची पाळी येईल तेव्हा आधी गिझर घ्यावेत. एसीसाठी संमती लेखी असावी, एका बटणावर नकार देता यावा आणि मिळालेली सवलत बिलात वेगळ्या ओळीत दिसावी. एवढ्या अटी वीज नियामक आयोगाने आधीच घालून द्याव्यात.