यंत्राचे गणित आणि खडेबाजार

चतुर्थीच्या खरेदीसाठी बेळगावी जाणाऱ्या गोमंतकीयांस खडेबाजार नवा नाही. त्या गर्दीतून पायी वाट काढतानाही दमछाक होते. मग पाठीवर खोके बांधून दुचाकीवरून जेवण पोहोचविणाऱ्या तरुणाची अवस्था काय वर्णावी! भ्रमणध्वनीतील यंत्रणा अंतर मोजते, मिनिटे ठरविते. दुकानापुढे आडवा उभा राहिलेला टेम्पो तिला दिसत नाही. उशिराचा दोष मात्र स्वाराचा.

अशा कामगारांसाठी कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा केला. त्यांना मिळणाऱ्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपन्यांनी भरावयाचे, कामावरून दूर करण्यापूर्वी १४ दिवसांची सूचना द्यावयाची, कामाचे वाटप करणारी यंत्रणा कशी चालते ते सोप्या भाषेत सांगावयाचे. कल्याण मंडळावर कामगारांचे प्रतिनिधीही आहेत. हे सारे स्वागतार्हच होय. परंतु सांगणे निराळे आणि विचारणे निराळे. नियम पक्के झाल्यावर ते ऐकवून काय हशील?

महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांचे प्रतिनिधी मालकांच्या बरोबरीने मंडळावर बसविले. ओझ्याचा दर ठरविताना ओझे उचलणारा तेथे हवा, एवढाच त्यातला व्यवहार. आज दर यंत्र ठरविते. तेव्हा यंत्र घडविणाऱ्यांच्या बैठकीतच स्वारांना जागा हवी. वेळेचे वा दराचे गणित बदलण्यापूर्वी कंपन्यांनी त्या त्या बाजारातील स्वारांकडून ते तपासून घ्यावे, आणि बेळगाव-निपाणीत ही बोलणी मराठीतूनही व्हावीत, अशी आमची सूचना आहे.