कॅबिनेट उघडल्याशिवाय काय कळणार?

"मिस्त्री कुठं गेलाय?"

मामाच्या दुकानात येणारं दर तिसरं गिऱ्हाईक मला हे विचारतं. मी काउंटरमागं उभी, हातात स्क्रूड्रायव्हर, समोर उघडलेलं कॅबिनेट. तरी मिस्त्री आत कुठंतरी चहा पीत बसला असणार असं त्यांना वाटतं. पहिल्या पहिल्यांदा राग यायचा. आता "मीच आहे काका, काय झालंय सांगा" म्हणते आणि कामाला लागते.

मी बेळगावात बीए करते, राज्यशास्त्र, शेवटचं वर्ष. घरच्या लग्नाकार्यात दुसरा ठरलेला प्रश्न येतो: "पॉलिटिकल सायन्सवाली ना गं तू? मग हे काय खोलत बसतीस?" त्यांना वाटतं पोरगी वाट चुकली. मला वाटतं वाट चुकली ती आपल्याला कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांची. आपल्याला कॉम्प्युटर शिकवला तो फक्त बघायला आणि पाठ करायला. हात लावायला नाही.

हे मी अनुभवातून बोलते. बारावीनंतर मी हार्डवेअर-नेटवर्किंगचा सहा महिन्यांचा कोर्स केला. कुठल्या क्लासमध्ये ते सोडा, तसे गल्लोगल्ली आहेत. पप्पांनी तीन हप्त्यांत फी भरली. वर्गात प्रोजेक्टर होता, इंग्रजी नोट्सच्या झेरॉक्स होत्या आणि भिंतीवर काचेच्या पेटीत एक मदरबोर्ड होता. खाली पाटी: हात लावू नये. देवघरातल्या टाकासारखा तो सहा महिने तिथं बसून होता. ओएसआयचे सात थर मी आजही झोपेत म्हणून दाखवीन. ७८ टक्के पडले. सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं.

मग मामाच्या दुकानात पहिल्या दिवशी त्यानं एक बंद मशीन पुढं ठेवलं. "चालू होत नाही. बघ की." मला मदरबोर्डवरची पॉवरची २४ पिनांची वायरसुद्धा काढता येईना. तिला बाजूला एक खिटी असते, ती दाबून धरायची आणि मग ओढायचं, हे कुठल्याच नोटमध्ये नव्हतं. मी नुसतीच ओढत होते आणि बोर्ड वाकत होता. मामा काही बोलला नाही. हसला तेवढं.

पहिल्या महिन्यात मी केबल करायला शिकले. कॅट-६ची वायर सोलायची, आठ तारा ओळीत लावायच्या, आरजे-४५च्या टोकात घालून क्रिम्परनं दाबायच्या. किती टोकं वाया घालवली त्याचा हिशेब मामानं ठेवलाय, मी विचारलेला नाही. शेवटी एकदाची जमली. टेस्टरवर एक ते आठ सगळे दिवे ओळीनं लागले. मी खूश. ती केबल एका ऑफिसात लांबवर टाकली आणि दुसऱ्या दिवशी फोन: नेट येतंय-जातंय, फाइल कॉपी व्हायला तास लागतोय.

मी रंगांचा क्रम माझ्या मनानं सोपा करून लावला होता. प्रत्येक जोडी शेजारी शेजारी: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, असं पुढं. दोन्ही टोकांना तोच क्रम. मग बिघडलं काय? मी मामाशी भांडलेच, "दिवे लागतायत ना सगळे!"

मामानं टाकलेल्या वायरचा तुकडा घेतला, तारा मोकळ्या केल्या. "या एकमेकींना पिळा देऊन का ठेवल्यात?" नोट्समधलं इंग्रजी वाक्य माझ्या तोंडावर आलं, परीक्षेत दोन मार्कांना लिहिलं होतं. पण त्याचा अर्थ मला सांगता येईना. मामा म्हणाला, "बैलजोडी बघितलीस न्हवं? एकमेकाला सरावलेली असते. तू काय केलंस, एका जोडीतला एक बैल काढलास आणि दुसऱ्या जोडीतल्या एकाबरोबर जुंपलास. जू आहे, बैल दोन आहेत, दिवा लागणारच. पण चाल जुळत नाही."

बरोबर क्रमात हिरव्याची जोडी तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर जाते, मधे निळ्याची जोडी बसते. कार्डाला सिग्नल तिसऱ्या-सहाव्या पिनवरच हवा असतो आणि तो पिळा दिलेल्या एकाच जोडीतनं गेला तर बाहेरचा आणि शेजारचा गोंगाट आपोआप कापला जातो. माझ्या क्रमात तिसरी तार हिरव्या जोडीतली होती आणि सहावी निळ्या जोडीतली. साधा टेस्टर फक्त तार इथून तिथं पोचली का एवढंच बघतो, जोडी बघत नाही. सहा महिन्यांच्या क्लासात जे डोक्यात शिरलं नाही ते एका खराब केबलनं दहा मिनिटांत शिकवलं. आणि ती खराब करायची मुभा मला होती म्हणून शिकवलं.

ऐकायलाही शिकावं लागतं. सपोर्ट म्हणजे निम्मं काम तेच. एक मावशी आल्या, शिलाईचं दुकान आहे त्यांचं. "नेट बंद पडलंय, नवीन राउटर घ्यायला सांगितलंय कुणीतरी." माझा हात लगेच राउटरकडं. मामा म्हणाला, "आधी विचार की त्यांना, काय काय होतंय." विचारलं. मोबाइलवर नेट चालतं. कॉम्प्युटरवर कुठलीही साइट उघडली की सुरक्षित नाही असं येतं. रोज सकाळी येतं, आणि "घड्याळ पण चुकीचं दाखवतं बघ बाई, मी लक्ष देत नाही." तिथंच उत्तर होतं. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपला होता. रात्री बटण बंद केलं की मशीन तारीख विसरायचं आणि सकाळी कित्येक वर्षं मागं जाऊन उभं राहायचं. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते, मशीनच्या तारखेला ते बसेना म्हणून ब्राउझर नकार देत होता. सेल बदलला, तारीख लावली, झालं. चहाच्या पैशात मिटलेलं काम. राउटरचे दोन-अडीच हजार वाचले.

आता माझी चूकही सांगते. एका बचत गटाचं मशीन फारच मंद झालं होतं. त्यांच्या वैनी म्हणाल्या, "महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला आहे, सी उडवलं तरी चालेल." मी उडवलं, नवीन विंडोज टाकलं. संध्याकाळी त्या आल्या आणि विचारलं, "स्क्रीनवरचं हिशेबाचं फोल्डर कुठं गेलं?" डेस्कटॉपवर दिसणारं फोल्डर सी ड्राइव्हमध्येच असतं. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं, आणि मी विचारलं नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून अर्धवट फाइल्स मिळाल्या, बाकीच्यांवर नवीन विंडोज बसलं होतं. तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. नशीब वह्या होत्या. दोन रविवार त्यांच्या ओसरीवर बसून मी सगळ्या परत टाइप केल्या. त्या एक शब्द वाईट बोलल्या नाहीत, उलट जेवू घातलं, त्यामुळं जास्तच लाज वाटली. तेव्हापासून आधी डेटाची कॉपी, मग बाकी सगळं.

आता जरा माझ्या विषयाकडं येते. राज्यघटनेचं कलम ३५०क आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असतं. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं ते आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी. त्या वाक्यातला एक शब्द मात्र आपण भाषणात पटकन ओलांडून जातो, प्राथमिक. त्यापुढं ते कलम काही बोलत नाही. नेटवर्किंग मराठीत शिकवायला घटनेनं कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून मराठी शाळेतली पोरं पुढं जाऊन असल्या कोर्सला बसतात तेव्हा त्यांच्यासमोर एकदम परक्या वाक्यांची भिंत येते. ती ओलांडायला ती पाठांतर करतात, आणि समजतंय की नाही हा प्रश्नच मागं पडतो.

राउटर, स्विच, रॅम, पोर्ट हे शब्द मराठीत करून बसा असं माझं म्हणणं नाही. ते तसेच ठेवावेत, सगळीकडं तेच चालतात. समजावणं मात्र आपल्या भाषेत हवं. मशीनला १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता का मिळतो, हे मला मामानं असं सांगितलं: "पंगतीत पानं मांडणारा आलाच नाही, म्हणून ह्यानं आपलं आपण पान मांडून घेतलं. पान आहे, वाढायला कोण नाही." पत्ते वाटणारा डीएचसीपी गाठ पडत नाही तेव्हा नेमकं हेच होतं. हे मी कन्नड बोलणाऱ्या गिऱ्हाइकालाही सांगितलंय, कन्नडमध्ये, मोडक्यातोडक्या. पंगत त्यांच्याकडंही असते. तेही हसले. सीमाभागातल्या पोरांना दोन-तीन भाषा येतात, सपोर्टच्या कामात ती मोठी जमेची बाजू आहे आणि आपण तिचा उपयोगच करत नाही.

पण दुकानाचं फार कौतुक करायचं नाही, हेही खरं. मला तिथं उभं राहता आलं कारण दुकान मामाचं. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला हेच शिकायचं होतं. दोन दुकानांत विचारून आली. एकानं "पोरगी नको, उशीर होतो" म्हटलं, दुसऱ्यानं सहा महिने फुकट काम सांगितलं. दुकानात शिकणं म्हणजे ओळख, नातं आणि मालकाची मर्जी. ते सगळ्यांना मिळत नाही. आयटीआयमध्ये हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा वेगळा ट्रेड आहे, त्यात प्रात्यक्षिकाला वेळ असतो, ज्यांना दहावीनंतर जमेल त्यांनी चौकशी जरूर करा. पण बीए-बीकॉमला आधीच बसलेल्यांनी काय करायचं?

माझं मागणं साधं आहे. कॉलेजात, शाळांत बंद पडलेली मशीन स्टोअररूममध्ये पडून असतात. ती आम्हाला उघडू द्या. चालू मशीन मागत नाही, मेलेलीच द्या. बिघडलेलं आणखी किती बिघडेल? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला. नवीन विंडोजला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली चालणारी मशीनसुद्धा आता कोपऱ्यात जातायत. लिनक्स मिंट टाकलं तर टायपिंगला आणि नेटला त्यातली कितीतरी चालतील. शिकायला यापेक्षा चांगली वेळ कुठली?

घरी सुरुवात करायची असेल तर एक मधल्या आकाराचा चौफुली स्क्रूड्रायव्हर, साधा खोडरबर आणि भंगारवाल्याकडचं जुनं मशीन पुरतं. आधी वायर भिंतीतनं काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग आत हात घाला. रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरनं पुसा, परत बसवा, दोन्ही बाजूंनी टक् वाजेपर्यंत. बंद मशीनमधली निम्मी माझ्या हातून एवढ्यावरच उठली आहेत. फक्त एसएमपीएसचा डबा उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो.

गेल्या महिन्यापासून मी आणि ती मैत्रीण, रविवारी सकाळी एका मराठी शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत जातो. बाईंनी किल्ली दिली, आधी जरा घाबरतच. आठ मशीन होती, सगळी प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, सगळी बंद. सहा चालू झाली. दोघांचे सेल, तिघांची रॅम, एकाची पॉवर केबल. सातव्याचा मदरबोर्ड गेलाय, तो सातवीच्या पोरांना खोलायला दिलाय. आठवं अजून कळलेलं नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीनवर काही येत नाही. रॅम नाही, केबल नाही, मॉनिटर नाही. येत्या रविवारी मामाला घेऊन जाणार होते, पण मैत्रीण म्हणाली, अजून एक आठवडा आपणच बघूया.