राखीव खुर्चीची पुण्याई

१६ जून २०२३ रोजी ‘आदिपुरुष’ प्रदर्शित झाला, तेव्हा प्रत्येक चित्रपटगृहातील एक खुर्ची मारुतिरायासाठी राखून ठेवण्याची घोषणा निर्मात्यांनी आधीच केली होती. या दूरदृष्टीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. रामकथा जेथे चालते तेथे हनुमंत हात जोडून अखेरपर्यंत बसतो, अशी श्रद्धा आहे. खेळ अर्ध्यावर सोडून न जाणारा एक प्रेक्षक तरी अशा रीतीने निश्चित झाला होता.

नायक प्रभास यांनाही समीक्षकांनी न्याय दिला नाही. वाल्मीकींचा राम सीतेच्या शोधात कदंबाला, अशोकाला तिचा ठावठिकाणा विचारीत उन्मत्तासारखा फिरतो. एवढी भावविवशता प्रभास यांना मान्य नसावी. वनवास असो, पत्नीवियोग असो की युद्ध असो, मुखावरील एकही रेषा ढळू न देण्याचा त्यांचा निग्रह असामान्य होय. गीतेतील स्थितप्रज्ञ रामायणातच अवतरला, एवढा कालविपर्यास रसिकांनी सोसावयास हवा होता. हिंदी आवृत्तीत त्यांना शरद केळकर यांचा आवाज लाभल्यामुळे उरलेले कामही परस्पर मार्गी लागले. अर्थात सारा दोष नटाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. अरण्यापासून लंकेपर्यंत सर्व काही संगणकाने रंगवावयाचे असेल, तर पोकळीकडे पाहून व्याकूळ होणे कोणालाही सोपे नाही.

त्या संगणकी चित्रांचीही थोरवी मोठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये अयोध्येत दाखविलेल्या झलकेची एवढी चेष्टा झाली की, जानेवारीत ठरलेले प्रदर्शन पाच महिने पुढे ढकलावे लागले. खर्चाचे आकडे पाचशे कोटींच्या पुढे सांगितले जात होते. दिग्दर्शक ओम राऊत, संगीतकार अजय-अतुल आणि मारुतीच्या भूमिकेतील देवदत्त नागे ही मराठी मंडळी. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून माडगूळकरांच्या शब्दांनी आणि फडक्यांच्या सुरांनी घराघरांत राम उभा केला, तो केवळ कानांच्या वाटेने. त्या परंपरेला दृष्टिसुख जोडण्याचा हा प्रयत्न असेल, तर ऐकू येणारा राम अधिक स्पष्ट दिसत होता, असे म्हणणे भाग आहे.

मारुतीच्या तोंडी घातलेल्या टपोरी भाषेचे संवादलेखक मनोज मुंतशिर यांनी प्रथम हिरिरीने समर्थन केले. मग काही दिवसांतच संवाद बदलण्यात आले आणि जुलैत जाहीर क्षमायाचनाही झाली. पहिल्या तीन दिवसांची गर्दी सोमवारी ओसरली. त्याच आठवड्यात तिकीट दीडशे रुपयांवर उतरविण्यात आले.

येथवर हे प्रकरण विनोदाचे होते. पुढे ते राहिले नाही. सीतेला भारतकन्या म्हणणाऱ्या एका वाक्यावरून काठमांडूच्या महापालिकेने सर्वच हिंदी चित्रपट बंद पाडले. ते पुन्हा सुरू होण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागला. इकडे अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्मात्यांना आणि परिनिरीक्षण मंडळाला धारेवर धरले. सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यवाही स्थगित केली, हे योग्यच झाले. वाईट चित्रपट काढणे हा गुन्हा नव्हे आणि त्याचा निकाल तिकीटखिडकीवर लागलाच होता.

परंतु ही आपत्ती निर्मात्यांनीच ओढवून घेतली होती. जो भक्तीच्या नावाने तिकिटे विकतो, तो भक्तीलाच न्यायाधीशपदी बसवितो. मग ‘ही केवळ कलाकृती आहे’ हा बचाव त्याच्या मुखी शोभत नाही. दुःखाची गोष्ट ही की, याची किंमत तो एकटाच मोजत नाही. काठमांडूत त्या दिवसांत निरपराध चित्रपटही बंद पडले. उद्या रामकथेकडे नव्या, चिकित्सक दृष्टीने पाहू इच्छिणाऱ्या प्रामाणिक कलावंताच्या वाटेत हेच उदाहरण दाखल्यासारखे उभे केले जाईल. श्रद्धेचे छत्र व्यवसायासाठी उघडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, त्या छत्रीची दांडी इतरांच्या पाठीवरही बसते.

ती राखीव खुर्ची मात्र सार्थकी लागली. पुढे पुढे तिला शेजारच्या रिकाम्या खुर्च्यांची भरपूर सोबत मिळाली.