गंजिफातील नववा रंग

सावंतवाडीच्या गंजिफांचा एक संच गेल्या वर्षी मी वर्गात नेला. हाताने रंगविलेली गोल पाने. दशावतारी डावात रंग दहा, प्रत्येकाची पाने बारा, एकूण 120. मासा, कासव, वराह, अर्धा सिंह नि अर्धा माणूस पाहून मुले खळखळून हसली. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने उतारी करायची, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याने, हा नियम तर त्यांना फारच आवडला. मग आठवीतल्या एका मुलीने नववा रंग पुढे केला, "सर, बुद्ध या रांगेत कसे?"

बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे नाकारणारी पाचवी प्रतिज्ञा बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात दिली. ती मुलांना पाठ आहे. पण पाठ असलेली गोष्ट हाती आल्यावर ओळखणे निराळे. ग्रंथातले मत वादाने खोडता येते, खेळातले मत नकळत मुरते. म्हणून असा संच शाळेत आणूच नये, असे काही सहकाऱ्यांचे मत. मला ते पटत नाही. चिताऱ्याचे कसब अस्सल आहे, आणि तथागतांना अवतारांच्या यादीत कसे ओढले गेले, याचा ते पान पुरावाच आहे.

आता मुलांनी पुठ्ठ्याचा स्वतःचा डाव आखला आहे. जळगावहून अजिंठा दूर नाही. तेथील चित्रांतला सहा सुळ्यांचा छद्दंत हत्ती, नाग, किन्नर हे त्याचे रंग. छद्दंतही काल्पनिकच, हे मी आधीच सांगून टाकले. उतारी कोणी करायची, यावर मात धुळ्याच्या नि जळगावच्या मुलांचे अजून एकमत झालेले नाही.